गळती

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधल्या काळात काय झालं ते घरच्यांना ठाऊकच आहे, इतरांसाठी दोन ओळींत सांगतो. वयाच्या ६८व्या वर्षी मला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. ती ग्रंथी ऑपरेशन करून काढून टाकली, त्याला आता सव्वा वर्ष झालं. रिपोर्ट चांगले आहेत. भेटायला येणारे, फोन करणारे सगळे इथवर अगदी मोकळेपणाने बोलतात. कॅन्सर हा शब्द आता दिवाणखान्यात चालतो. पण त्या ऑपरेशननंतर जे होतं, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. ज्याला होतं तो तर नाहीच नाही. म्हणून म्हटलं, आज त्यावरच लिहावं. ज्यांना पोहे खाता खाता ब्लॉग वाचायची सवय आहे त्यांनी आधी पोहे संपवून यावं!

आपल्या भाषेत 'जाऊन येण्या'ला शब्दांची कमतरता नाही. लघुशंका आहे, एक नंबर आहे, 'जरा बाथरूमला जाऊन येतो' आहे, शाळेत तर नुसती करंगळी वर केली की काम भागायचं. पण न जाताच जे होऊन जातं त्याला मात्र चारचौघांत उच्चारता येईल असा शब्द नाही. कोशात शोधला तर 'मूत्र-असंयम' असा भारदस्त शब्द मिळाला. असंयम! म्हणजे जणू काही मी या वयात कुठे तमाशाच्या फडावर पैसे उधळून आलोय. इंग्रजी शब्दाचं मूळही असंच संयमाशी जोडलेलं आहे म्हणे. मला हा शब्द मान्य नाही. त्यापेक्षा आमच्या प्लंबरचा शब्द बरा: गळती. नळाचा वायसर गेला की नळ गळतो. त्यावरून नळाच्या चारित्र्याबद्दल कुणी शंका घेत नाही.

आणि मामला खरोखरच प्लंबिंगचा आहे. प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली बसलेली साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी तिच्या मधून जाते. लघवी धरून ठेवायला पुरुषाच्या शरीरात दोन बंदोबस्त असतात. एक वरचा, मूत्राशयाच्या तोंडाशी, जो आपोआप काम करतो. दुसरा खालचा, प्रोस्टेटच्या पलीकडे, जो आपल्याला मनाने आवळता येतो. पूर्ण प्रोस्टेट काढताना तिच्यातून जाणारा नळीचा तुकडाही जातो आणि मूत्राशयाचं तोंड खाली उरलेल्या नळीला शिवून जोडतात. यात वरचा चौकीदार बहुतांशी कामातून जातो आणि सगळा भार खालच्यावर पडतो. तो बिचारा आयुष्यभर जोडीदाराच्या भरवशावर राहिलेला, त्यात ऑपरेशनने हबकलेला. मग खोकला आला, शिंक आली, खुर्चीतून उठलो, भाजीची पिशवी उचलली, कुणी चांगला विनोद केला... की थेंब, चमचा, कधी त्याहून जास्त.

हे ऑपरेशन काही आजचं नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ साली कॅन्सरसाठी पूर्ण प्रोस्टेट काढली होती. तिथेच १९८२ मध्ये पॅट्रिक वॉल्श यांनी आजूबाजूच्या नसा जपून ऑपरेशन करण्याची पद्धत आणली. आता रोबोटचे हात आलेत, छेद लहान झाले, रक्त कमी जातं, माणूस लवकर घरी येतो. पण गळती उरली आहेच. बहुतेकांची ती काही महिन्यांत बरीच कमी होते, सुधारणा वर्षभर आणि कधी त्याहून पुढेही चालू राहते. थोड्या जणांची मात्र कायम राहते.

आता माझा पहिला मुद्दा. हे सगळं ऑपरेशनच्या आधी नीट सांगितलं गेलं पाहिजे. नीट म्हणजे खुर्चीत बसवून, मराठीत, बायकोच्या किंवा मुलाच्या समोर. माझ्या वेळी सही करायच्या फॉर्मवर दहा-बारा संभाव्य गोष्टींच्या यादीत ही एक ओळ होती, आणि तोंडी सांगितलं ते असं, 'थोडे दिवस लीकेज राहील, मग जाईल.' वाक्य खोटं नाही हो. पण थोडे दिवस म्हणजे किती? चार दिवस म्हणजेही थोडे दिवस आणि दहा महिने म्हणजेही थोडेच दिवस, डॉक्टरांच्या दृष्टीने. लघवीची पिशवी दहाव्या दिवशी काढली. मी उभा राहिलो आणि पायजमा, चप्पल, फरशी सगळं ओलं. नर्सला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं ऑपरेशन फसलं. तो अर्धा तास मला कॅन्सरच्या रिपोर्टपेक्षा जड गेला. कुणी आधी एवढंच म्हटलं असतं, की काका, नळी काढल्यावर पहिले काही दिवस बहुतेकांचं असंच होतं, येताना पॅड आणि जादा कपडे घेऊन या, तर तो अर्धा तास वाचला असता. त्याला ना रोबोट लागतो, ना पैसे.

तीच गोष्ट व्यायामाची. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे जे स्नायू असतात ते बळकट करायचा व्यायाम हा यावरचा मुख्य घरगुती उपाय. तो केगल यांच्या नावाने ओळखला जातो. आर्नल्ड केगल हे अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ, १९४८ साली त्यांनी तो बाळंतपणानंतर गळती होणाऱ्या बायकांसाठी लिहून प्रसिद्ध केला. मला नळी काढल्यावर जो झेरॉक्स कागद हातात दिला त्यावर चित्रही बाईचंच होतं! चित्राचं मला वावडं नाही. पण कागद हाती पडला तेव्हा खाली सगळं सुजलेलं, दुखरं, आणि नेमका कुठला स्नायू आवळायचा हेच कळत नाही. हाच व्यायाम ऑपरेशनच्या तीन-चार आठवडे आधी फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतला, तर निदान तो स्नायू कुठे राहतो एवढा पत्ता तरी माहीत असतो. ज्याचं ऑपरेशन ठरलंय त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून आधीच शिकून घ्यावा. ते स्वतःहून सांगतील याची वाट पाहू नये.

कसा करायचा ते थोडक्यात सांगतो. गर्दीत वारा सरू नये म्हणून आपण जे आवळतो, ते आवळून आत-वर ओढायचं. पाचएक सेकंद धरायचं आणि तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, मांड्या आणि कुल्ले आवळायचे नाहीत. लघवी करताना मध्येच थांबवून सराव करायचा नाही. आणि सगळ्यात उपयोगाची युक्ती म्हणजे खोकण्याआधी, शिंकण्याआधी, उठण्याआधी ते आवळून घ्यायचं. मला ही सवय अंगवळणी पडायला दोन महिने लागले. उत्साहाच्या भरात दिवसातून पन्नास वेळा करणारेही असतात, पण स्नायू दमला की संध्याकाळी गळती वाढते. तशीही ती संध्याकाळी जास्तच असते, आणि रात्री झोपेत मात्र बहुधा सगळ्यात आधी थांबते.

पाणी कमी प्यावं असं प्रत्येकालाच वाटतं. तसं करू नये. लघवी दाट झाली की मूत्राशयाला जास्तच टोचते, शिवाय बद्धकोष्ठ होतं आणि कुंथल्याने खालच्या स्नायूंवर ताण येतो. कमी करायचा तो चहा-कॉफी. पुण्याच्या माणसाला हे सांगणं म्हणजे श्वास कमी घे म्हणण्यासारखं आहे, पण सहा कपांचे दोन केले आणि फरक दिसला, म्हणून लिहितोय. जागा धुऊन कोरडी ठेवायची आणि पॅड ओलं झालं की बदलायचं, नाहीतर कातडी सोलवटते.

मी आयुष्यभर हिशेबाच्या खात्यात नोकरी केली, त्यामुळे याचाही हिशेब ठेवला. स्वयंपाकघरातल्या काट्याला हात लावायला सौ.ने मनाई केली आणि एक वेगळा छोटा वजनकाटा आणून दिला. कोरड्या पॅडचं वजन वजा करायचं. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलीटर. पहिल्या आठवड्यात दिवसाला ४०० ग्रॅमच्या आसपास, सहा-सात पॅड. तीन महिन्यांनी १२०. सहा महिन्यांनी ३५. आता दहाच्या आत, एक पातळ पॅड, आणि तेही काही दिवशी कोरडंच निघतं. हा माझा आकडा झाला, तुमचा वेगळा असेल. पण आकडा लिहून ठेवण्याचा फायदा असा, की ज्या दिवशी सगळं व्यर्थ वाटतं त्या दिवशी वही उघडून बघता येतं. आणि डॉक्टरांपुढे 'बरंच होतं हो' असं पुटपुटण्यापेक्षा वही पुढे केली की तेही सरसावून बसतात.

आता सौ.बद्दल. पॅड आणायला पहिल्यांदा आम्ही दोघं मिळून गेलो. दुकानदाराने पाकीट आधी वर्तमानपत्रात आणि मग काळ्या पिशवीत गुंडाळून दिलं, जणू आम्ही गावठी पिस्तूल घेत होतो. बाहेर आल्यावर ती हसायला लागली. म्हणाली, "हे कागदात गुंडाळणं मी तेराव्या वर्षापासून बघतेय. त्यातच नोकरी केली, परीक्षा दिल्या, लग्नं केली, गर्दीच्या बसमधून उभ्याने गेले. तुम्ही आता सुरुवात करताय." मग कुठल्या कपड्यात दिसत नाही, प्रवासात जोड कुठे ठेवायचा, बाहेर पडायच्या आधी काय काय बघून घ्यायचं, हे सगळं तिनेच शिकवलं. या विषयातली तज्ज्ञ माणसं प्रत्येक घरात बसलेली आहेत, त्यांच्याशी बोलायचा तेवढा अवकाश आहे.

बायकांनी या विषयावर तोंड उघडलं, त्याचा परिणामही दिसला. सॅनिटरी नॅपकिनवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्ये काढून टाकला गेला, तो त्याआधी वर्षभर चाललेल्या आरडाओरड्यानंतर. मोठ्यांच्या डायपरवरचा कर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ वर आला, पण त्याची साधी चर्चाही मी कुठे ऐकली नाही. वापरणारे गप्प, मग बोलणार कोण?

आणि म्हणून दुसरा मुद्दा, जो माझ्या दृष्टीने सगळ्यात सोपा आहे. पुरुषांच्या स्वच्छतागृहात झाकणाची कचरापेटी हवी. आहे का कुठे? मंगल कार्यालयात नाही, नाट्यगृहात नाही, हायवेवरच्या हॉटेलात नाही. बायकांच्या बाजूला निदान काही ठिकाणी असते. आमच्याकडे वापरलेलं पॅड काढल्यावर दोनच पर्याय. भांड्यात टाकून सगळं तुंबवायचं, नाहीतर पिशवीत बांधून खांद्यावरच्या झोळीत घालायचं आणि त्यासकट पंगतीला बसायचं. मी दुसरं करतो. पण दरवेळी जिलबी खाताना लक्ष झोळीकडे असतं.

गंमत म्हणजे कायद्याला हे माहीत होतं. २०१६ च्या घनकचरा नियमांत सॅनिटरी कचऱ्याची व्याख्या करताना डायपर, नॅपकिन यांच्याबरोबर गळतीसाठी वापरायच्या शीट्सचाही स्पष्ट उल्लेख केला होता. त्यात बाईचं की पुरुषाचं असा भेद नव्हता. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बायकांनी लाल ठिपक्याची मोहीम चालवली. पॅड-डायपर कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला उघडून बघावं लागणार नाही, एवढंच त्यांचं मागणं. घरी मी ते पाळतो. बाहेर पाळायला पेटी तर हवी! ब्रिटनमध्ये प्रोस्टेट कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेने नेमक्या याच मागणीसाठी मोहीम उघडली आहे. आपल्याकडे कार्यालयवाल्याला एक झाकणाची बादली आणि रोज ती उचलायची सोय एवढाच खर्च आहे.

आता विरोधी पक्षाचं म्हणणं. माझ्या आतेभावाला मी या लेखाचा विषय सांगितला तर तो म्हणाला, "दादा, जगाला सांगायची काय गरज? झाकली मूठ सव्वा लाखाची." त्याचं म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटत नाही. प्रत्येकाने आपल्या शरीराचं वर्तमानपत्र करावं असं माझंही म्हणणं नाही. ज्याला नाही सांगायचं त्याने नाही सांगावं. पण मूठ झाकण्याची किंमत कोण भरतं तेही बघायला हवं.

आमच्या सकाळच्या टेकडीवरच्या कट्ट्यात एक गृहस्थ होते. त्यांच्या परवानगीने, नाव न घेता लिहितोय. खणखणीत आवाज, रोज सगळ्यांच्या आधी वर. तीन वर्षांपूर्वी त्यांचं हेच ऑपरेशन झालं आणि त्यांनी येणं बंद केलं. कुणाला वाटलं कॅन्सर पुन्हा उलटला, कुणाला वाटलं त्यांना आता आम्ही नकोसे झालो. गेल्या दिवाळीत मी त्यांच्याकडे गेलो आणि माझी हकीकत सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग उठून दार लावून घेतलं आणि म्हणाले, "माझं अजून थांबलेलं नाही." तीन वर्षं! मुलीच्या घरी राहायला गेले नाहीत, तिचा सोफा खराब होईल म्हणून. नातवाला मांडीवर घेतलं नाही, वास येईल म्हणून. डॉक्टरांकडे फक्त कॅन्सरच्या रक्ततपासणीचा कागद घेऊन जायचे, 'बाकी ठीक' म्हणायचे आणि यायचे. डॉक्टरांनीही विचारलं नाही.

वर्षभर व्यायाम करूनही जी गळती थांबत नाही तिच्यावर उपाय आहेत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कमी गळती असेल तर नळीला खालून आधार देणारी जाळीची पट्टी बसवतात. जास्त असेल तर कृत्रिम झडप असते. नळीभोवती पाण्याने भरलेलं कडं आणि अंडकोशाच्या पिशवीत एक छोटा पंप, तो दाबला की कडं सैल होतं आणि लघवी करता येते. ही झडप १९७० च्या दशकापासून वापरात आहे. महाग आहे, पुन्हा ऑपरेशन आहे, सगळ्यांना जमेल असं नाही. पण निवड करण्यासाठी आधी माहिती तर हवी. ते आता युरॉलॉजिस्टकडे जाऊन आलेत, तपासण्या चालू आहेत. पुढे काय होईल ते बघू. मला विचाराल तर त्यांचं आयुष्य कॅन्सरने अडवलं नव्हतं आणि गळतीनेही नाही. 'बाकी ठीक' या दोन शब्दांनी अडवलं होतं.

म्हणून माझं मत असं आहे. जगाला नका सांगू, पण तीन माणसांना सांगा. डॉक्टरांना, घरातल्या एकाला आणि एका मित्राला. आणि ताप आला, लघवीतून रक्त गेलं, किंवा उलट लघवी अडकली, तर चौथ्या कुणाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एक गोष्ट राहिलीच. सोवळ्याओवळ्याची. मागच्या गणपतीत पूजेला बसावं की नाही असा प्रश्न मला पडला होता. मी ताईला फोन केला, कारण आमच्या घरात या बाबतीत शेवटचा शब्द तिचा. ती ७४ वर्षांची आहे आणि अजून पाट-पाण्याचे नियम पाळते. ती म्हणाली, "आईला शेवटची दोन वर्षं अंथरुणात सगळं करावं लागायचं, तरी तिची पोथी चुकली नाही. तुला तर नुसतं बदलून यायचंय. आंघोळ कर आणि बस." बसलो. आरतीला टाळ वाजवताना एकदा आवळायला विसरलो, पण त्याला माझा नाइलाज आहे आणि गजाननालाही ते कळत असावं.

असो. लेख लांबला. इथे येणाऱ्या भाचे-पुतणे मंडळींना शेवटी एवढंच सांगतो. घरातला कुणी काका, मामा, सासरा ऑपरेशननंतर 'नको, तुम्ही जा, मी घरी बसतो' म्हणायला लागला, तर त्याला म्हातारपणाचा हट्ट समजू नका. तिथलं बाथरूम कुठे आहे ते त्याला आधी सांगा, गाडीत कडेची जागा द्या, दीड तासाने गाडी थांबवा, आणि का थांबवली ते विचारू नका. आपल्या घरच्या बाथरूममध्ये झाकणाचा एक डबा ठेवा.

पुढच्या महिन्यात पुतणीचं लग्न आहे आणि मी तिन्ही दिवस येणार आहे. कार्यालयाच्या जेन्ट्स टॉयलेटमध्ये झाकणाची बादली ठेवायला धाकट्या भावाला सांगितलंय. कार्यालयाचा मॅनेजर त्याला म्हणाला, "कशाला हो? आजवर कुणी मागितली नाही." भावाने सांगितलं, "आम्ही मागतोय." बादली येतेय.